मदत हवी आहे: फाउंड्रीत भट्टीच्या प्रत्येक हीटचा (एका वेळच्या वितळवणीचा) वीजहिशोब कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत आमची मध्यम आकाराची फाउंड्री आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट वीज लागते. तोच माल, तीच भट्टी, तरी एका हीटला कमी आणि दुसऱ्या हीटला बरीच जास्त का, हे महिन्याच्या बिलावरून काहीच कळत नाही. माझा अंदाज असा, की मोल्ड (साचे) तयार नसले की वितळलेला धातू झाकण उघडं ठेवून तसाच थांबतो आणि वीज तिथेच वाया जाते. पण अंदाजावर शिफ्टच्या माणसांना बोल लावणं मला पटत नाही, आकडे हवेत.

म्हणून भट्टी, कॉम्प्रेसर आणि सँड प्लांटला वेगळे डिजिटल मीटर बसवून मॉडबसवर (मीटरचं रीडिंग केबलने कॉम्प्युटरपर्यंत नेणारी पद्धत) जोडलेत. अडचण अशी, की भट्टी पूर्ण लोडवर गेली की नेमकं तेव्हाच रीडिंग तुटतं. हा हार्मोनिक्सचा (भट्टीमुळे विजेत मिसळणाऱ्या जादा फ्रिक्वेन्सींचा) त्रास असेल का? शील्डेड (धातूचं आवरण असलेली) केबल वेगळ्या ट्रेमधून नेऊन शील्ड एकाच टोकाला अर्थ केली तर भागेल, की सरळ फायबर टाकावी?

दुसरं, हीट नंबर अजून रजिस्टरमध्ये हातानेच लिहितात. मेल्टरचं (भट्टी चालवणाऱ्याचं) काम न वाढवता तो मीटरच्या नोंदीशी कुणी जोडलाय का? बारकोड, टॅब, काहीही चालेल, फक्त धूळ आणि उष्णता सोसणारं हवं.

ज्यांनी स्वतःच्या शेडमध्ये हे केलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. जवळपास असाल तर बघायलाही येईन.