उलटी अक्षरे हे एकमेव लक्षण नव्हे

पहिलीतली मुलगी इंग्रजी ‘बी’ आणि ‘डी’ उलटे काढते, म्हणजे डिसलेक्सिया (शब्द वाचणे-लिहिणे शिकताना येणारी कायमची अडचण) समजावा का, असा प्रश्न पालकांना पडतो. या वयात बहुतेक मुले तसे करतात; त्याहून बोलकी लक्षणे म्हणजे शब्दातले ध्वनी सुटे करता न येणे, यमक न ओळखणे, कालचाच शब्द आज पुन्हा अडखळत वाचणे, आणि ऐकून सहज समजणारी गोष्ट स्वतः वाचताना मात्र न उमगणे. आमच्या इंदूरकडे घरी मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी असल्याने सारे खापर भाषांवर फोडतात, जे मला पटत नाही, कारण अनेक भाषा बोलल्याने डिसलेक्सिया होत नाही. देवनागरीतही मात्रा आणि जोडाक्षरे सतत गळत असतील, तर डोळे व कान तपासून मग मानसशास्त्रज्ञांकडून रीतसर मूल्यमापन करून घ्यावे.