रविवारी उत्पत्ती, सोमवारी उत्क्रांती: एकाच बाईने दोन्ही कसे शिकवावे?

प्रश्न: नगरची विज्ञानशिक्षिका

नमस्कार. मी अहिल्यानगरमधील एका माध्यमिक शाळेत दहावीला विज्ञान शिकवते आणि रविवारी आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये मोठ्या मुलांचा वर्ग घेते. दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. जूनमध्ये तो चालू असतानाच संडे स्कूलमध्ये बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय, म्हणजे देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवल्याचा, आला. दोन्ही वर्गांना बसणारी एक मुलगी आहे. शुक्रवारी मी अवशेषांगे, म्हणजे पूर्वजांकडून आलेले पण आता फारसे कामाचे न उरलेले अवयव, शिकवताना माकडहाड आणि आंत्रपुच्छ समजावून सांगितले होते. रविवारी तिने हात वर करून विचारले, “मॅडम, देवाने आपल्याला सहाव्या दिवशी थेट घडवले, तर शेपटीचे हाड कशाला ठेवले?” वर्ग हसला आणि मी “पुढच्या रविवारी सांगते” म्हणून वेळ मारून नेली.

माझे दीर नास्तिक आहेत. त्यांचे म्हणणे असे की, मी एक तर शाळेत पगारापुरती उत्क्रांती शिकवते किंवा चर्चमध्ये नात्यापुरती उत्पत्ती, आणि या दोहोंपैकी एक ढोंग आहेच. मला ते लागले, कारण माझी श्रद्धाही खरी आहे आणि धड्यातले पुरावेही मला खरे वाटतात. ‘बायबलमधला दिवस म्हणजे एक युग’ हे नेहमीचे उत्तर मला ठाऊक आहे, परंतु झाडेझुडपे तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी असे असताना दिवस कितीही ताणला तरी क्रम काही जुळत नाही. ज्यांनी याचा खरोखर विचार केला आहे, मग ते श्रद्धावान असोत वा नसोत, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १: निवृत्त पाळक

ताई, ‘दिवस म्हणजे युग’ हा मार्ग तुम्ही सोडलात ते बरे झाले. त्या मार्गाने बायबल वाचले जात नाही आणि विज्ञानही नीट शिकवले जात नाही. तुम्हाला अडलेली गोष्ट, म्हणजे चौथ्या दिवसाचा सूर्य, हीच माझ्या मते त्या अध्यायाची किल्ली आहे. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात: उजेड-अंधार, आकाश-पाणी, कोरडी जमीन. पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने त्या जागांचे रहिवासी येतात: ज्योती, पक्षी व मासे, पशू व मनुष्य. ही मांडणी एखाद्या स्तोत्राच्या कडव्यांसारखी आहे, तिच्याकडे रोजनिशी म्हणून पाहू नये. शिवाय सूर्य आणि चंद्र यांची नावेदेखील लेखक घेत नाही, त्यांना केवळ मोठी ज्योती आणि लहान ज्योती म्हणतो. शेजारच्या बाबेलात (बॅबिलोनमध्ये) सूर्यचंद्रांची देव म्हणून पूजा होत होती. ज्यांना शेजारी देव मानतात त्यांना चौथ्या दिवशी दिव्यांसारखे टांगून ठेवणे हे त्या काळी किती धिटाईचे होते, हे आपल्याला आता जाणवत नाही.

लगेच दुसरा अध्याय उघडा. तेथे शेतात झुडूप नाही, पाऊस नाही, आणि अशा वेळी मनुष्य घडवला जातो. पशू त्याच्यानंतर येतात. म्हणजे पहिल्या अध्यायाचा क्रम पानभरातच उलटला. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवले त्यांना हा फरक दिसला नसेल असे मला वाटत नाही. त्यांना क्रमाची फिकीर नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

विज्ञानाने कोंडीत पकडल्यावर ख्रिस्ती लोकांनी ही पळवाट शोधली, असा आरोप हमखास होतो. परंतु सूर्याविना पहिले तीन दिवस कसे झाले, हा प्रश्न आद्य ख्रिस्ती विद्वान ओरिजेनने तिसऱ्या शतकातच विचारला होता. पाचव्या शतकाच्या प्रारंभी संत ऑगस्टीनने उत्पत्तीवर लिहिताना असे मत मांडले की, सृष्टी एकदमच निर्माण झाली आणि सहा दिवस ही समजण्यासाठी केलेली मांडणी आहे. त्याचा एक इशारा मी पाळकपणाच्या काळात अनेकदा वाचून दाखवला आहे: आकाश, तारे, प्राणी यांविषयी परधर्मीयांनाही पक्के माहीत असलेल्या गोष्टींबद्दल ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाने काहीबाही बोलू लागला, तर त्याच शास्त्रातील पुनरुत्थानाची गोष्ट ते लोक का मानतील? इसवी सनपूर्व ४००४ ही सृष्टीची तारीख तर आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये वंशावळ्यांची वर्षे मोजून काढली. ती मूळ ग्रंथात कोठेही नाही.

उत्तर २: वचनाला धरून

पाळकसाहेबांविषयी आदर राखून लिहितो. सहा दिवस रूपक म्हटले, ठीक. पण मग आदामाचे काय? रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल स्पष्ट सांगतो की एका माणसामुळे पाप जगात आले आणि पापामुळे मरण आले. तो एक माणूसच झाला नसेल, तर ख्रिस्त नेमका कशावरचा उपाय आहे? आणि विज्ञानाच्या आकड्यांवर एवढा भरवसा तरी का ठेवायचा? लोणार सरोवराचे वय आधी सुमारे ५२ हजार वर्षे सांगत होते, नंतर ते सुमारे ५ लाख ७० हजार झाले. दहापट चूक करणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा आणि वचनावर नाही?

उत्तर ३: घाटातला भूवैज्ञानिक

लोणारचे दोन्ही आकडे आपण बरोबर दिले आहेत. पहिला तापदीप्ती पद्धतीने काढलेला होता, दुसरा उल्काघाताने वितळलेल्या खडकातील आर्गॉनवरून काढला गेला, आणि दोहोंतील तफावत खरोखर मोठी आहे. मात्र आपल्याला सहा हजार वर्षांचे जग हवे असेल तर यांतला लहान आकडाही आठ-नऊ पटींनी जास्त पडतो. शिवाय ज्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हारसाच्या काळ्या खडकात, तो खड्डा पडला आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे.

आकडे बाजूला ठेवू. वरंधा किंवा माळशेज घाटात पावसाळा संपल्यावर गाडी थांबवून कड्याकडे पाहा. काळ्या पाषाणाचे थर एकावर एक रचलेले दिसतात आणि काही थरांच्या मध्ये हातभर किंवा त्याहून कमी-अधिक जाडीची विटकरी रेघ आडवी गेलेली दिसते. नखाने उकरली तर ती भुसभुशीत लागते. यांतील काही रेघा ज्वालामुखीच्या राखेच्या आहेत, परंतु पुष्कळ ठिकाणी ती लाव्हारसाच्या माथ्याची झालेली माती आहे. एक प्रवाह आला, थंड झाला, ऊनपावसाने त्याचा माथा कुजून माती झाली, मग पुढच्या प्रवाहाने ती भाजून काढली आणि पुन्हा तेच. जगातले खडक नोहाच्या वर्षभराच्या जलप्रलयाने झाले असे काहीजण मानतात, पण त्यात हे बसत नाही. पाण्याखाली गोठणारा लाव्हा उशांसारखे गोळे करतो, आणि आपल्या घाटांतले बहुतेक प्रवाह तसे नाहीत.

जाता जाता एक सांगतो. प्रलयाने सगळे खडक समजावता येत नाहीत हे भूविज्ञानाला नास्तिकांनी शिकवलेले नाही. केंब्रिजचे भूवैज्ञानिक ॲडम सेजविक हे धर्मगुरू होते, आणि दगडगोट्यांचे थर नोहाच्या प्रलयाने पसरले हे आपले पूर्वीचे मत त्यांनी १८३१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत अध्यक्षपदावरून जाहीरपणे मागे घेतले. डार्विनचा ग्रंथ त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी आला, आणि तो आल्यावर सेजविक त्याच्या विरोधातच राहिले! आपला आदामाविषयीचा प्रश्न मात्र मला खडकांनी सोडवता येणार नाही. उलट तो अधिकच अवघड होतो, कारण चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे डायनोसॉरचे जीवाश्म सापडतात आणि माणूस येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधी मरण येथे होतेच, हे त्यांवरून दिसते.

उत्तर ४: सातारकर नास्तिक

ताई, तुमच्या दिरांचा ढोंगाचा आरोप मला मान्य नाही, आणि मी त्यांच्याच पंथाचा आहे. जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. विश्व प्रसरण पावते हे त्यांनी १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून मांडले आणि १९३१ मध्ये आद्य अणूची, म्हणजे सारे विश्व एकाच अणूतून सुरू झाले ही, कल्पना पुढे आणली. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विज्ञानाने जणू ‘प्रकाश होवो’ या क्षणाची साक्ष दिली अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते स्वतः लमेत्र. त्यांचा आग्रह असा की हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेर ठेवावा. तो मानूनही जडवादी माणूस देव नाकारायला मोकळाच राहतो. माझी वाट मोकळी ठेवणारा हा पाद्री मला फार आवडतो.

पाळकसाहेबांना मात्र एक विचारतो. ऑगस्टीनने दिवस रूपकात्मक मानले, हे खरे. पण मानवजात सहा हजार वर्षांच्या आतली आहे असेही तो मानत होता. तेव्हा त्याला आधुनिक माणूस करून आणू नये. आणि दिवसांचे कोडे सोडवले म्हणजे मुद्दा संपला, असेही नाही.

घराच्या भिंतीवर मातीचे घर करणारी कुंभारीण माशी सर्वांनी पाहिली असेल. ती अळी आणून घरात कोंडते, आणि ध्यासाने त्या अळीचीच माशी होते, असा भ्रमरकीटक न्याय आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितला जातो. लहानपणी मी ते घर काडीने फोडले होते. आत हिरव्या अळ्या होत्या, हलत नव्हत्या, पण मेलेल्याही नव्हत्या. माशी त्यांना डंख मारून लुळे करते आणि तिचे पिल्लू त्यांना ताज्या ठेवून हळूहळू खाते. अशाच परजीवी गांधीलमाश्यांविषयी डार्विनने १८६० मध्ये एसा ग्रे यांना लिहिले होते की, दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने यांना हेतुपूर्वक घडवले हे मनाला पटवून घेता येत नाही. ग्रे हे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ, श्रद्धावान ख्रिस्ती आणि अमेरिकेत डार्विनचे खंदे पाठीराखे होते. पत्र विरोधकाला नव्हे, मित्राला होते. उत्क्रांती हीच देवाची कार्यपद्धती म्हणायची, तर कोट्यवधी वर्षांची ही लुळी अळीही त्याच्याच खात्यावर जमा होते. आदामाच्या पापाने जगात मरण आले असे म्हणणाऱ्याला निदान यावर उत्तर होते. ते उत्तर पाळकसाहेबांनी हातचे घालवले आहे.

उत्तर ५: निवृत्त पाळक

हातचे गेले आहे, हे कबूल करतो. ‘आदाम’ हा शब्द हिब्रूत ‘अदामा’ म्हणजे माती याच्याशी जोडलेला आहे, आणि ‘मातीचा माणूस’ म्हणजे आपण सर्व, असे मी वाचतो. पौल ज्या मरणाविषयी बोलतो ते देवापासून तुटणे होय, असेही मी शिकवत आलो. तथापि हे वाचन सर्व चर्चना मान्य नाही. पोप पायस यांनीच १९५० मध्ये मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यासकांनी चर्चा करायला हरकत घेतली नव्हती. पण अनेक आद्य पूर्वज मानले तर मूळ पापाची, म्हणजे आदामाचे पाप सर्व मानवांकडे आले ही, शिकवण कशी टिकेल, तेथे त्यांनी पाऊल अडवले. जनुकीय विविधतेवरून मात्र आपले पूर्वज कधी केवळ दोघे नव्हते, हजारांत होते, असेच अंदाज निघतात.

लुळ्या अळीला माझ्याकडे उत्तर नाही. बायबलमध्ये, निरपराध असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकात देव वादळातून बोलतो, सिंहिणीच्या भक्ष्याबद्दल आणि रक्त पिणाऱ्या गरुडाच्या पिलांबद्दल बोलतो, पण ईयोबाच्या ‘का’ला उत्तर देत नाही. मी त्या पुस्तकापाशी थांबतो.

प्रश्नकर्ती: नगरची विज्ञानशिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवार होता. पहिला आणि दुसरा अध्याय मुलांना फळ्यावर दोन रकान्यांत मांडायला लावला. क्रम उलटा आहे हे माझ्याआधी त्यांनीच पकडले. माकडहाडाबद्दल मी तिला सांगितले की, ते शेपटी असलेल्या पूर्वजांकडून आले आहे, हे मी शाळेत सांगते तसेच येथेही सांगणार, आणि देवाने मला मातीतून घडवले हेही मी मानते. ती माती घडायला किती काळ लागला ते विज्ञानाच्या पुस्तकात पाहायचे. त्यावर तिने विचारले, “मग आदामाला शेपटीचे हाड होते का?” या वेळी कोणी हसले नाही. मी “असणारच” म्हणाले. हे आमच्या मंडळीच्या पाळकांच्या कानावर गेले असून बुधवारच्या प्रार्थनेनंतर त्यांनी मला भेटायला बोलावले आहे.