तारीखवार नोंदींचा विकी करायचाय, जुन्या पानांचं काय करू?

निरभ्र

अकरा वर्षं स्वतःच्या साइटवर आकाशनिरीक्षणाच्या नोंदी लिहितोय. सगळं तारीखवार. आता पंचाईत अशी झालीय की एकट्या मीरा ताऱ्याबद्दलचं लिखाण चौदा नोंदींत विखुरलंय. हा रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा तारा साधारण ३३२ दिवसांनी पुन्हा तेजस्वी होतो, म्हणजे दर वर्षी महिनाभर अलीकडे सरकतो. मागच्या खेपेला काय दिसलं होतं ते बघायला मी दर वेळी स्वतःचीच साइट उपसत बसतो. त्यातल्या दोन नोंदी तर एकमेकींच्या उलट आहेत. वाचणाऱ्याने कुठल्या मीवर विश्वास ठेवायचा?

म्हणून विकी करावा म्हणतो. एका ताऱ्याला एक पान, कळेल तसं दुरुस्त करत जायचं. डोकुविकी हे विकीचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, आवडलं. डेटाबेसची भानगड नाही, साध्या टेक्स्ट फाइली. पण जुन्या नोंदी विकीत ओतून मूळ पानं काढून टाकू का? पानांचे वेब-पत्ते देवनागरीत ठेवले तर चालतील का? आणि संपादन सगळ्यांना खुलं ठेवावं का? विकी म्हटल्यावर तेच अपेक्षित असतं ना?

सुलट-उलट

जुन्या नोंदी काढू नका. मी काढल्या होत्या, म्हणून सांगते.

माझी विणकामाची साइट आहे. २०१४ साली सॉफ्टवेअर बदललं तेव्हा पत्त्यांतले वर्ष-महिने मला बोजड वाटले, म्हणून सगळे पत्ते 'नीटनेटके' केले. जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारं ३०१ लावायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, तेव्हा मला ते माहीतच नव्हतं. तीन महिन्यांनी एका बाईंची मेल आली: त्यांनी स्वेटरचा नमुना माझ्या पानावरून अर्धा विणला होता, बाहीपर्यंत आल्या आणि पान गायब! मग वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहातून माझेच जुने पत्ते एकेक करून शोधले आणि दोन आठवडे हाताने ३०१ च्या ओळी लिहीत बसले. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं की चांगले पत्ते बदलत नसतात. मी ते वाचलं सगळं निस्तरून झाल्यावर.

नोंद आणि विकीचं पान या दोन वेगळ्या जाती आहेत. नोंद त्या रात्रीची असते. त्या रात्री तुम्हाला चुकीचं दिसलं असेल तर तेही तिथेच राहू दे. फक्त वर एक ओळ टाका, 'याबद्दल आता काय वाटतं ते इथे', आणि विकीच्या पानाचा दुवा द्या. विकीच्या पानाखाली त्या चौदा नोंदींची यादी लावा. कोण कुठून आलं तरी हरवत नाही.

देवनागरी पत्त्यांबद्दल: ब्राउझरमध्ये गोजिरवाणे दिसतात, मेलमध्ये चिकटवले की टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. आपल्या एकेका चिन्हाचे तीन बाइट आणि पत्त्यात एकेका बाइटची तीन अक्षरं. म्हणजे 'मीरा' एवढ्याशा नावाची ३६! खरी मेख पुढे आहे. डोकुविकी मुळात फाइलींची नावंही याच पद्धतीने ठेवतो, आणि लिनक्सवर फाइलीच्या नावाला सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते. काना-मात्रा-हलंत वेगळे मोजून जेमतेम २७ चिन्हं मावतात. माझं 'उलट्या टाक्यांच्या किनारीचे नमुने' हे पान काही केल्या सेव्ह होईना. सबंध संध्याकाळ मी फोल्डरच्या परवानग्या तपासत होते. फाइलनावं टक्क्यांची माळ न करता सरळ यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीतच ठेवायची सेटिंग आहे, ती पहिलं पान करायच्या आधीच बदला. नंतर बदललीत तर आधीची पानं त्याला सापडणार नाहीत.

खिळेजुळारी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. एक भर घालतो, कारण तुमच्या विषयात हे हमखास नडणार.

'ताऱ्यांची' हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो. काही कीबोर्ड नुक्तावाला ऱ आणि हलंत देतात, काही साधा र, हलंत आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. फोनवरून दुवा दिलात आणि पान लॅपटॉपवर केलं असेल, तर पान डोळ्यांसमोर असूनही दुवा लाल दिसेल. युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय प्रमाणातलं प्रमाणीकरणही हे दोन प्रकार एक करत नाही. एकच रूप ठरवा आणि सगळ्या फाइलींमध्ये शोधा-बदला चालवा. टेक्स्ट फाइली असल्याचा हाच फायदा.

अवांतर: मीराबद्दल लिहिता तर निदान त्या पानाचं नाव सुखरूप आहे.

कडीकोयंडा

संपादन खुलं अजिबात नको. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ ला पहिला विकी सुरू केला तो कुणालाही बदलता यायचा, खरंय. पण नावातलं 'विकी' म्हणजे हवाई भाषेत 'झटपट', 'सार्वजनिक' नव्हे. मीही हौसेने खुला ठेवला होता. एका सकाळी उठून बघतो तर कर्जाच्या आणि जुगाराच्या जाहिरातींची दोनशे नवी पानं, आणि माझ्या मुखपृष्ठाच्या जागी बुटांची दुकानदारी.

हल्ली नुसतं वाचायला येणारे बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडत जाणारे प्रोग्रामही जड जातात. विकीत प्रत्येक पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती आणि दोन आवृत्त्यांमधला फरक, यांना स्वतंत्र पत्ता असतो. शंभर पानांचे हजारो पत्ते होतात, आणि हे बॉट एकूण एक उघडून बघतात. बॉटांनी कुठे जाऊ नये ते सांगणारी रोबॉट्स.टीएक्सटी ही फाइल नुसती विनंती आहे, कुलूप नव्हे. लॉगिन नसलेल्यांना जुन्या आवृत्त्या बंद करा. दुरुस्ती सुचवायची असेल तर मेल.

सुलट-उलट

@कडीकोयंडा, दार बंद, मान्य. पण एक-दोघांना किल्ली द्यावी. त्या बाहीवाल्या बाईंना मी खातं दिलं. गळ्याच्या नमुन्यात माझे चार टाके कमी पडत होते, ते त्यांनी परस्पर सुधारले. मेल करा म्हटलं असतं तर कुणी केली नसती.

निरभ्र

सगळ्यांचे आभार. फाइलनावांची सेटिंग बदलली, तेव्हा तीनच पानं झाली होती, ती पुन्हा केली. शोधा-बदला चालवल्यावर 'रूपविकारी ताऱ्यांची यादी' नावाची दोन पानं निघाली! एक मी ट्रेनमध्ये बसून फोनवरून केलं होतं.

आणि मीराच्या त्या दोन उलटसुलट नोंदी पहिल्यांदाच शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या. एका रात्री मीराचं तेज ताडायला तुलनेसाठी घेतलेला ताराच चुकला होता. नोंद तशीच ठेवलीय, वर ओळ टाकलीय. आता उरलेल्या बारा तपासतोय, त्यातल्या किती रात्री मी तोच चुकीचा तारा धरून बसलो होतो ते बघायला.