१९७७ च्या निकालाची रात्र कुणी जागून काढली आहे का?

मुक्ता_एन:
आणीबाणीवर कॉलेजचा प्रकल्प करतेय. इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या हे २० मार्चच्या रात्री सामान्य माणसाला कळलं कसं? तेव्हा टीव्ही मोजक्याच घरांत होते ना?

शनिवारपेठकर:
आम्हाला फळ्यावर कळलं. मी तेव्हा कॉलेजात. वडील मिसाखाली (विनाचौकशी डांबून ठेवायचा तो कायदा) येरवड्याच्या तुरुंगात होते, जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्यावर सुटले. त्या रात्री रेडिओ लावला तरी आई दार लोटून घेत होती, इतकी भीती अंगात मुरलेली. रायबरेलीचं काही सांगेनात, म्हणून एका दैनिकाच्या कचेरीसमोर जाऊन उभा राहिलो. आतून कुणी टेलिप्रिंटरचा कागद घेऊन आला की गर्दी गप्प व्हायची आणि तो खडूनं आकडे लिहायचा. उत्तर प्रदेशात काँग्रेसपुढचं शून्य काही हलेना. शेवटपर्यंत हललं नाही. ८५ पैकी एकही जागा नाही, बिहारात ५४ पैकी एकही नाही!

रायबरेलीत इंदिराबाईंविरुद्ध उभे राहिलेले राजनारायण ५५,२०२ मतांनी आले. अमेठीत संजय गांधीही पडले. अनोळखी माणसं गळ्यात पडून रडत होती. धावत घरी आलो, तर वडिलांचा पहिला प्रश्न, "जॉर्जचं काय?" जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातून मुझफ्फरपूरला उभे होते, तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. ते कळलं तेव्हा कुठे वडील जेवायला बसले. तुरुंगातल्या माणसाला लोकांनी असं निवडून द्यावं, याचा अभिमान मला आजही वाटतो.

निवृत्त_मास्तर:
मुक्ता, मोजणी सगळी हातानं असायची हेही लिही. मतपत्रिका आधी सरमिसळ करायच्या, मग उमेदवारवार गठ्ठे. शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडला असेल तर प्रत्येक पक्षाचा प्रतिनिधी वाकून बघणार. वेळ लागायचाच.

हैदराबादी_देशपांडे:
सगळा देश नाचत होता असं मात्र लिहू नकोस. आंध्रात काँग्रेसनं ४२ पैकी ४१ जागा जिंकल्या. आमच्या गल्लीत त्या रात्री सामसूम होती.

शनिवारपेठकर:
बरोबर आहे. महाराष्ट्रातही काँग्रेसला ४८ पैकी २० होत्याच. पण पुण्यातून मोहन धारिया आले, मुंबईत मृणालताई गोरे आल्या, दोघंही जनता पक्षाचे. मुक्ता, दुसऱ्या दिवशी आणीबाणी उठली, तेही घाल प्रकल्पात.