ब्रेसाँची पात्रे आणि लाकडाचे ठोकळे

जुनातालीमवाला: काल फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँचा 'पिकपॉकेट' (१९५९) हा चित्रपट पाहिला. चेहऱ्यावरची रेषही न हलवता वाक्ये म्हणणाऱ्या ठोकळ्यांचे कौतुक करणे म्हणजे निव्वळ ढोंग आहे.

सावली: 'ढोंग' हा शब्द वाचून राहवले नाही. ब्रेसाँ आपल्या पात्रांना नट म्हणतच नसे. तो त्यांना 'मॉडेल' म्हणे, आणि एकच कृती त्यांच्याकडून इतक्या वेळा करवून घेई, की तिच्यातला सगळा आव गळून पडावा. 'अ मॅन एस्केप्ड'मध्ये (१९५६) चमच्याने कोठडीचे दार पोखरणारा कैदी आपल्याला कळतो तो त्याच्या हातांवरून आणि जिन्याच्या कठड्यावरून घासत जाणाऱ्या पहारेकऱ्याच्या किल्लीच्या आवाजावरून. ब्रेसाँ स्वतः महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता. कोठडीत माणूस कानांनी जगतो, हे त्याला आपण सांगायला नको.

जुनातालीमवाला: मग माणसे घ्यायचीच कशाला? मी २० वर्षे हौशी रंगभूमीवर आहे. एका दिग्दर्शकाने 'काहीच करू नकोस' म्हणत मला तीन महिने तालमीत नुसते उभे केले, आणि स्पर्धेत नाटक पडल्यावर खापर माझ्याच डोक्यावर फोडले. नटाला खुंटी समजणारी ही जमात मला चांगली ठाऊक आहे.

सावली: तुमच्या दिग्दर्शकाचा राग ब्रेसाँवर काढू नका. शेवटच्या रांगेसाठी केलेला अभिनय वीतभर अंतरावरच्या कॅमेऱ्यासमोर आरडाओरडाच वाटणार, एवढे तरी २० वर्षांत लक्षात यायला हवे होते.

जुनातालीमवाला: माझी वर्षे मोजण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तिसरीघंटा: दोघेही जरा थांबा. पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकलेल्या मणी कौल यांनी 'उसकी रोटी' हा चित्रपट याच वाटेने केला, आणि दिग्दर्शक कुमार शहानी यांनी तर प्रत्यक्ष ब्रेसाँच्या हाताखाली काम केले. त्यांना ढोंगी म्हणणे मला पटत नाही. पण चित्रपट मंडळांत जांभई देणाऱ्याकडे ज्या तुच्छतेने पाहिले जाते, तिनेच ब्रेसाँचे अधिक नुकसान केले आहे, हेही सावलीताईंनी मान्य करावे.

सावली: करते. नाइलाजाने.

जुनातालीमवाला: मग मीही सांगतो, की 'ओ आझार बाल्थाझार'मधले (१९६६) गाढव मेंढ्यांच्या कळपात शेवटचे बसते, तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

सावली: त्या गाढवाने चेहऱ्यावरची कोणती रेष हलवली होती?

जुनातालीमवाला: त्याला निदान संवाद तरी नव्हते.