सारखा, तसाच, तोच : इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

काना-मात्रा :
एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करते आहे. मूळ वाक्य : 'नवीन झडप जुन्या झडपेसारखीच आहे.' आधीच्या मसुद्यात कुणीतरी 'सेम लाइक' लिहिलं होतं. ते तर जातच नाही. 'सेम'च्या मागे 'ॲज' येतो, 'सिमिलर'च्या मागे 'टू', आणि 'लाइक'ला दोघांचीही गरज नाही. मी 'सिमिलर टू' केलं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'द सेम ॲज' केलं. आता अडलंय ते अर्थावर. 'सिमिलर' वाचणारा तंत्रज्ञ विचारेल, फरक कुठे आहे? 'सेम' वाचणारा जुन्या झडपेचा सुटा भाग नव्या झडपेत बिनधास्त बसवेल. 'सारखीच'मधून यातलं कुठलं घ्यायचं?

अनुस्वार :
त्या 'च'कडे बघा. 'सारखी' म्हणजे मिळतीजुळती, 'सारखीच' म्हणजे फरक नाही. तपासणाऱ्यांचं बरोबर आहे.

उकार :
'ती आईसारखीच दिसते' यातही 'च' आहे. म्हणून कुणी मायलेकींना एक समजत नाही. 'च' फक्त जोर देतो. मराठीत अचूक बोलायचं तर 'तोच' आणि 'तसाच' हे दोन वेगळे शब्द हाताशी आहेत. मी आणि माझा मित्र एकाच वेळी तसाच सदरा घालू शकतो, तोच सदरा घालू शकत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे 'सेम'च. इथे आपली भाषा जास्त काटेकोर आहे, आणि हे शिकवताना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

बाकी 'सारखा' हा संस्कृत 'सदृक्ष'वरून आलेला. जुन्या मराठीत 'सारिखा'. मुळात अर्थ 'तसा दिसणारा' एवढाच, म्हणजे 'सिमिलर'.

अनुस्वार :
व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही. 'सारखा रडतो' यात दिसण्याचा काय संबंध?

पूर्णविराम :
शिकणाऱ्यांची खरी अडचण 'ॲज' आणि 'लाइक' यांत होते. माझ्या एका विद्यार्थिनीने नोकरीच्या अर्जात 'आय वर्क्ड लाइक अ नर्स' लिहिलं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, 'म्हणजे तुम्ही नर्स नव्हता?' होती ती, चांगली प्रशिक्षित. तेव्हापासून मी वर्गात एकच कसोटी देतो. मराठीत 'म्हणून' बसत असेल तर 'ॲज', 'सारखं' बसत असेल तर 'लाइक'. 'भाऊ म्हणून सांगतो' आणि 'भावासारखं सांगतो' यांतला फरक कुठल्याही मराठी मुलाला न शिकवता कळतो. मग तो इंग्रजीत का चुकावा?

अनुस्वार :
कसोटी आवडली. पण पुढे क्रियापद आलं की? 'मी म्हटल्याप्रमाणे' याचं 'ॲज आय सेड'च व्हायला हवं. हल्ली सर्रास 'लाइक आय सेड' ऐकू येतं. खूप जण बोलतात म्हणून चूक बरोबर ठरत नाही. 'टॉलर दॅन मी'चंही तेच, तिथे 'दॅन आय' हवं.

उकार :
रॉबर्ट लाउथ या बिशपनी 1762 साली इंग्रजी व्याकरण लिहिलं, त्यांचा कल तुमच्याच बाजूला होता. त्यानंतर अडीचशेहून जास्त वर्षं उलटली, आणि ज्यांची ती भाषा आहे ते लोक रोज 'दॅन मी' म्हणतात. नवशिक्याने 'दॅन आय' म्हटलं तर ते चूक नाही, पण बोलण्यात अवघडलेलं वाटतं. नुसतं 'आय' आणि 'मी'वर भांडण्यापेक्षा अर्थ संदिग्ध होतो तिथे पूर्ण वाक्य करायला शिकवा. 'तो माझ्यापेक्षा तुला जास्त ओळखतो' हे मराठीतही दोन अर्थांचं आहे. इंग्रजीत शेवटी 'दॅन आय डू' किंवा 'दॅन ही नोज मी' जोडलं की प्रश्न मिटतो.

वेलांटी :
'मोर बेटर'ला सगळे हसतात, मला ते पटत नाही. आपण 'सर्वात श्रेष्ठ' म्हणतोच ना? 'श्रेष्ठ' हे मुळातच तमभावाचं, म्हणजे 'सर्वात' हा अर्थ आधीच पोटात असलेलं रूप आहे. त्यातला '-इष्ठ' आणि इंग्रजीतला '-एस्ट' एकाच मूळ प्रत्ययातून आलेत. खुद्द इंग्रजीत 'निअर' हे एके काळी तरभावाचं, म्हणजे 'पेक्षा जास्त' सांगणारं रूप होतं, त्याला पुन्हा 'अर' लावून 'निअरर' झालं, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. आपलं 'बेहत्तर' तर सरळसरळ 'बेटर'च आहे, 'मेलो तरी बेहत्तर'!

उकार :
'श्रेष्ठ'चं मान्य, 'बेहत्तर'चं नाही. तो फारसी 'बेह' अधिक 'तर'. 'बेटर' जर्मानिक घराण्यातला. अर्थ एक, उच्चार जवळचा, नातं नाही. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचंही तसंच, निव्वळ योगायोग.

वेलांटी :
दोन-दोन योगायोग? माझ्या मनाला काही पटत नाही.

पूर्णविराम :
एक राहिलं, आणि हे 'मोर बेटर'पेक्षा जास्त घडतं. 'माझं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं' हे मराठीत निर्दोष आहे. तेच जसंच्या तसं नेलं की 'माय हॅण्डरायटिंग इज बेटर दॅन यू', म्हणजे अक्षराची तुलना माणसाशी. 'दॅन युअर्स' हवं. लांब वाक्यात 'दॅन दॅट ऑफ' लागतं. शाळेत डिग्री बदलायची ढीगभर वाक्यं घोटून घेतली, पण कशाची तुलना कशाशी होतेय हे कुणी थांबून विचारायला लावलं नाही.

काना-मात्रा :
झडपेबद्दल तंत्रज्ञांना विचारलं. माप तेच, धातू वेगळा.

उकार :
मग 'सेम' आणि 'सिमिलर' दोन्ही सोडा. 'द सेम साइझ ॲज द ओल्ड वन, बट मेड ऑफ अ डिफरंट मेटल.' सारखेपणा कशात, ते सांगून टाका.

अनुस्वार :
आणि 'डिफरंट' पुढे कुठे वापरलंत तर 'फ्रॉम'च लावा. 'डिफरंट दॅन' नको.

उकार :
अमेरिकेत 'दॅन' चालतं, ब्रिटनमध्ये 'टू'सुद्धा.

अनुस्वार :
चालतं आणि शोभतं यांत फरक आहे. 'सीनियर', 'सुपीरियर', 'प्रायर' हे लॅटिनमधले तरभाव, म्हणून त्यांना 'टू' लागतो. त्याला निदान कारण आहे. 'डिफरंट टू'ला काय कारण आहे?

वेलांटी :
'सिमिलर'ला 'टू' चालतो, तर त्याच्या उलट शब्दाला का चालू नये? 'प्रिफर'लाही 'टू'च लागतो.