अनुभव धागा: पैशाच्या सवयी आणि त्यामागचं मन

भीती, भीड, हुरूप, लाज यांपायी पैशाचे कुठले निर्णय चुकतात आणि त्यावर कोणती तजवीज टिकते, ते आकड्यांसकट लिहा. "खर्च कमी करा" एवढंच नको.

कर्ज सल्लागार
एफडीत लाख रुपये आणि क्रेडिट कार्डावर चाळीस हजार थकलेले, असं फार घरांत दिसतं. एफडी "मुलीच्या शिक्षणाची", म्हणून तिला हात लावायचा नाही. रिचर्ड थेलर (अर्थशास्त्राचं नोबेल, 2017) यांनी मनातल्या अशाच कप्प्यांचा अभ्यास केला. आता हिशेब बघा. महिना 3.5 टक्के व्याज धरलं, तर 40,000 वर 1,400 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 252. किमान रक्कम म्हणून 5 टक्के, म्हणजे 2,000 भरले, तर मुद्दल घटतं फक्त 348 रुपयांनी! शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

एफडी मोडवत नसेल तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून बँकेकडून मिळणारी उचल) घ्या. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा 1 ते 2 टक्के जास्त. कार्ड त्याच दिवशी पूर्ण फेडा. घोळ होतो तो इथून पुढे: ओव्हरड्राफ्टला ठरलेला हप्ता नसतो, म्हणून तो तसाच पडून राहतो. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप ओव्हरड्राफ्टमध्ये भरली जाईल, अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवा.

पतसंस्थेतील वसुली अधिकारी
आमच्याकडे सगळ्यात महाग पडते ती भीड. "नुसती सही तर करायची आहे" म्हणून लोक जामीन राहतात. भारतीय करार कायदा, 1872, कलम 128 सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. एकदा सही झाली की संस्थेच्या संमतीशिवाय सहसा सुटका नाही. नकार ऐनवेळी सुचत नाही, म्हणून "आमच्या घरात कुणीच जामीन राहत नाही" हे घरात बसून आधीच ठरवा. मदत करायचीच असेल तर बुडाली तरी चालेल एवढी रक्कम हातात द्या.

म्युच्युअल फंड वितरक
नफ्यातला शेअर घाईने विकायचा आणि तोट्यातला "खरेदीभाव आला की काढू" म्हणून धरून बसायचं, ही खोड शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी 1985 मध्येच मांडली होती. खरेदीभाव झाकून विचारा: आज हातात रोख असती तर हाच शेअर घेतला असता का? उत्तर "नाही" आलं तर विकायला हवा.

एसआयपी (फंडातली दर महिन्याची ठरलेली गुंतवणूक) वाढवायची तर पगारवाढीआधीच स्टेप-अप (हप्ता ठरावीक काळाने आपोआप वाढण्याची सोय) लावा. पैसे एकदा हातात आले की त्यातून कमी करणं जिवावर येतं. एसआयपीची तारीख मात्र पगारानंतर दोन-तीन दिवसांची ठेवा, नाहीतर पगार लांबला की हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते.

घरखर्चाचं नियोजन शिकवणारी
यूपीआय मुख्य खात्याला जोडू नका. वेगळं खातं ठेवा आणि त्यात दर सोमवारी आठवड्यापुरतेच पैसे टाका. यूपीआय लाइटला (छोट्या रकमांसाठीचं यूपीआयमधलं पाकीट) तर पिनही लागत नाही, त्यामुळे खर्च जाणवतच नाही. त्याचं ऑटो टॉप-अप (शिल्लक कमी झाली की खात्यातून आपोआप पैसे भरणं) बंद करून टाका.